बेडकी कशाने बंद पडली

जबाब देणाऱ्याचे नाव: ठाण्याच्या नोंदीत आहे तेच, ऊर्फ फटफटकाका. वय: अठ्ठावन्न वर्षे. धंदा: लहान इंजिनांची दुरुस्ती. पत्ता: लोहारगल्लीच्या तोंडाशी, वजनकाट्यासमोर, खाली दुकान व वर बिऱ्हाड.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रे, जनरेटर, दुचाक्या, थोडक्यात जे फटफट आवाज करते आणि एक दिवस करायचे थांबते, ते माझ्याकडे येते. बंद इंजिन दिसले की ते का बंद आहे हे कळेपर्यंत मला घास गोड लागत नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असेही पत्नीचे म्हणणे आहे. हे लिहायची गरज नाही असे हवालदारांचे मत पडले. परंतु आज जो घोळ झाला तो या दोन खोडींमुळेच झाला, सबब ते राहू द्यावे अशी मी विनंती केली व त्यांनी ती मान्य केली.

आज सकाळी मी दुकान उघडत असता ठाण्याचे शिपाई आले व म्हणाले, "काका, पाने घ्या आणि चला. बाईसाहेबांनी बोलावलंय."

मी म्हणालो, "का? मी काय केलं?"

"तुम्ही काही नाही केलं. कोणी काय केलंय का, ते बघायचंय."

मी पान्यांची पिशवी, प्लग काढायचा पाना, चिंध्या व एक नवीन प्लग घेऊन निघालो. चहा अर्धा राहिला.

ठाण्याच्या मागे अंगण आहे. तिथे जप्त केलेल्या गाड्या उभ्या असतात, काहींच्या चाकांतून गवत वर आले आहे. नळाजवळ, पत्र्याच्या सावलीत, एक चार जाड चाकांची डोंगरगाडी होती. हिच्यावर मोटरसायकलवर बसतात तसे बसायचे असते, वळवायला हँडल असते, आणि ती चिखल, दगड, चढ काही म्हणत नाही. बसकी, पुढे दोन दिवे डोळ्यांसारखे वर आलेले, अंगाने हिरवी. तिच्या घरी तिला बेडकी म्हणतात असे मला नंतर कळले. बेडकी माझ्या दुकानात कधी आलेली नव्हती, त्यामुळे तिला पाहून मला बरे वाटले. ओळखीच्या इंजिनात फारसे काही नवे निघत नाही.

अंगणात हजर होते ते असे. ठाण्याच्या प्रमुख बाईसाहेब. हवालदार, गुडघ्यावर फळी व फळीवर कागद घेऊन. फिर्यादी ताई, डोंगराच्या उतारावर ज्यांची फळबाग आहे त्या. आणि मागच्या दाराच्या पायरीवर बसलेला त्यांचा धाकटा भाऊ, वय तिशीच्या आसपास. त्याला घरीदारी मौनी म्हणतात, कारण तो एरवीही विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि विचारल्यावरही थोडा विचार करतो.

बाईसाहेब म्हणाल्या, "ताई, काकांना सांगा काय झालं ते. पण गाडीचं सांगा, घरातलं नको."

ताईंनी सांगितले ते असे. त्यांचे वडील, अण्णा, बागेच्या माथ्यावरच्या पाण्याच्या टाकीचा नळ रोज सकाळी स्वतः उघडतात. ते बेडकीवर बसून वर जातात. मध्यंतरी त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, तेव्हापासून बेडकी शेडमध्ये उभी होती आणि वर चालत जायचे काम मौनीकडे होते. डोळ्याची पट्टी निघाली तशी अण्णांनी जाहीर केले की उद्यापासून मी जाणार. डॉक्टरांनी अजून गाडी चालवायला मनाई केलेली होती. त्यावरून संध्याकाळी घरात वाजले. अण्णा काही ऐकेनात, मौनी शेडच्या दारात आडवा उभा राहिला, आणि अण्णा त्याला म्हणाले की मला शिकवायला तुला अजून जन्म घ्यावा लागेल.

मी म्हणालो, "घरातलंच चाललंय."

ताई म्हणाल्या, "घरातूनच गाडीवर येतेय."

दुसऱ्या दिवशी मौनी उजाडायच्या आत फळांच्या पेट्या टेम्पोत भरून बाजारात गेला. अण्णा टाकीकडे गेले, पण चालत. टाकीच्या पायऱ्यांवरून त्यांचा पाय घसरला व खुब्याचे हाड मोडले. फोन खाली घरात चार्जिंगला लावलेला. त्यांनी हाताला लागलेला दगड घेऊन नळाच्या लोखंडी पाइपावर ठोकायला सुरुवात केली. तो आवाज पाइपातून खाली अंगणापर्यंत आला. ताईंना आधी वाटले, अण्णा काही दुरुस्त करत आहेत. नंतर ठोके एकसारखे येत राहिले तेव्हा त्या बाहेर धावल्या.

त्या म्हणाल्या, "बेडकी शेडमध्येच होती. म्हटलं चालत गेले वाटतं, शहाणपण सुचलं. बटण दाबलं, पहिल्या झटक्यात सुरू झाली. अर्ध्या चढावर खोकली आणि बंद. मग किती बटण दाबलं, घरघर नुसती. वरून ठोके येतायत आणि ही घरघर करतेय. शेवटी टाकून पळत गेले."

वर पोचल्यावर त्यांना वडील एकटीने उचलेनात. पुन्हा खाली येऊन, खालच्या वस्तीतली माणसे गोळा करून, दाराच्या फळीवरून अण्णांना आणेपर्यंत ऊन डोक्यावर आले होते. अण्णा सध्या इस्पितळात आहेत. खुब्याचे ऑपरेशन झाले आहे. पुन्हा चालता येईल की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत.

ताईंचे म्हणणे असे की, गाडी कोणीतरी मुद्दाम बिघडवून ठेवली होती. नाव त्यांनी घेतले नाही, परंतु बोलताना त्या पायरीकडे पाहत होत्या. पायरीवरच्या माणसाने घटनेच्या दिवसापासून हो म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही. तो अद्याप इस्पितळातही गेलेला नाही. ताईंना सर्वांत जास्त हेच लागले होते, असे मला वाटले.

बाईसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "काका, गाडीत मुद्दाम केलेलं काही निघालं तर मला या मुलावर गुन्हा दाखल करावा लागेल. नाही निघालं तर हे बहीणभाऊ घरी जातील. तुम्ही नीट बघा. आणि बघून झालं की मग बोला."

यातला पहिला भाग मी पाळला.

मी प्रथम बटण दाबून पाहिले. इंजिन फिरत होते, पण पकडत नव्हते. बॅटरी चांगली होती, कारण काल शिपायांनी ती चार्ज करून स्वतः बराच वेळ प्रयत्न केला होता. नंतर मी माझ्या सवयीप्रमाणे पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडले. मला ज्यांनी काम शिकवले ते म्हणायचे, नाडी नंतर बघ, आधी जेवलाय का ते विचार. म्हणून कोणतीही गाडी आली की मी आधी झाकण उघडून आत पाहतो व वास घेतो. पेट्रोल अर्ध्याच्या वर होते, वास ताजा होता. झाकण लावले व पुन्हा बटण दाबले.

बेडकी सुरू झाली.

मला खात्री आहे की त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटले असणार, कारण ताई म्हणाल्या, "दोन दिवस सगळं ठाणं लागलंय हिच्या मागे. तुम्ही नुसतं आत डोकावलात."

मी म्हणालो, "इंजिनाला माणूस कळतो, ताई." हे वाक्य मी बोललो हे खरे आहे व मला त्याची आता लाज वाटते.

बेडकी थोडा वेळ छान चालली. आवाज गोल होता, धूर नव्हता. नंतर तिचा आवाज बारीक झाला, ती दोनदा खोकली आणि बंद पडली. ताई म्हणाल्या, "असंच. अगदी असंच झालं होतं." त्यानंतर बटण दाबले तरी नुसती घरघर.

आता मला गंमत वाटू लागली. जी गाडी सुरू होत नाही तिचे कारण शोधणे सोपे. जी सुरू होते, चालते आणि मग रुसते, तिचे कारण लपलेले असते. मी प्लग काढून पाहिला. तो कोरडा होता. म्हणजे आत पेट्रोल पोचत नव्हते. इथे मी थांबून विचार करायला हवा होता. परंतु ठिणगी येते की नाही हे पाहण्यासाठी मी वायरींचा माग काढत हँडलपर्यंत गेलो, हँडलवरचे प्लास्टिकचे आवरण उचलले, आणि लाल बटणाकडून येणाऱ्या दोन वायरींपैकी एक मला कापलेली दिसली. पक्कडीने एका दाबात कापल्यासारखी सरळ. आतले तांबे चकाकत होते, म्हणजे काप जुना नव्हता.

मी म्हणालो, "सापडलं."

बाईसाहेब पुढे आल्या. मी त्यांना वायर दाखवली व सांगितले की, कोणीतरी ही अर्धवट कापून ठेवली असणार, चढावर धक्के बसल्यावर उरलेली तुटली असणार, आणि गाडी बंद पडली असणार. हवालदारांनी ते लिहून घेतले. माझे तर्कशास्त्र ताईंच्या हकिकतीला इतके चपखल बसत होते की मला स्वतःचेच कौतुक वाटले. कोडे सुटल्याचा आनंद झाला होता. त्या बहीणभावांकडे मी त्यानंतर पाहिले.

बाईसाहेबांनी पायरीकडे जाऊन विचारले, "वायर तू कापलीस?"

मौनीने मान हलवली. हो, अशी.

ताई काही ओरडल्या वगैरे नाहीत. नळाखाली एक बादली पालथी घातलेली होती तिच्यावर त्या बसल्या. नंतर म्हणाल्या, "मला वाटत होतं, तू नाही म्हणशील. मी नाही ऐकायलाच इथे आले होते रे."

बाईसाहेब आत कागद आणायला गेल्या. हवालदार पानाच्या खाली रेघ मारू लागले. मी पाने गोळा करू लागलो. परत बसवण्यासाठी बेडकीचा प्लग उचलला, तेव्हा तो पुन्हा माझ्या बोटांना कोरडा लागला.

कोरडा प्लग म्हणजे पेट्रोलचा दोष. वायर कापणे म्हणजे विजेचा दोष. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. शिवाय वायर जर चढावरच तुटली होती, तर थोड्या वेळापूर्वी याच अंगणात, माझ्या डोळ्यांदेखत, बेडकी सुरू कशी झाली? तुटलेली वायर मला बघून जोडली गेली नव्हती. मी प्लग टोपीत बसवून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला व बटण दाबले. ठिणगी निळी, टणक आली. वायर तशीच लोंबत होती.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असे मी स्वतःलाच म्हणालो. हवालदारांना म्हणालो, "साहेब, पेन थांबवा. मी चुकीचं बोललो."

हवालदार म्हणाले, "लिहिलेलं खोडता येत नाही, काका."

"मग माझं काय करता?"

"खाली लिहितो, की तुम्ही चुकीचं बोललात. पण मग बरोबर काय ते सांगा."

बरोबर काय ते मला माहीत नव्हते. पायरीवरच्या माणसाने मान वर करून माझ्याकडे पाहिले, प्रथमच. एका वाक्याने मी त्याला अडकवले होते आणि सोडवायला माझ्याकडे दुसरे वाक्य नव्हते.

मी प्लग पुन्हा बसवला. पेट्रोल टाकीतून खाली येते का हे पाहायचे म्हणून सवयीने झाकण उघडले, आत पाहिले, लावले, बटण दाबले. बेडकी सुरू झाली. थोडा वेळ चालली, बारीक झाली, खोकली, बंद. मग घरघर.

तेव्हा मला शंका आली की यातला दोषी मीच आहे. म्हणजे असे की, मी दर वेळी काहीतरी करून हिला बरी करतोय आणि बरी करताना रोग पुसून टाकतोय. मी काय करतोय? झाकण उघडतोय. चाळीस वर्षे मी आधी झाकण उघडत आलो आहे आणि त्यामुळे हा रोग मला आयुष्यात दिसला नसेल, असेही माझ्या मनात आले.

तिसऱ्यांदा मी झाकण लगेच उघडले नाही. सर्वांना गप्प राहायला सांगितले. एक शिपाई नळावर हात धूत होते, त्यांना नळ बंद करायला लावला. झाकणाजवळ कान नेला आणि ते हळूच सैल केले. आतून बारीक आवाज आला. खूप वेळ श्वास रोखलेल्या माणसाने तो सोडायच्या ऐवजी घ्यावा, तसा.

बाईसाहेब परत आल्या होत्या. त्यांना मी समजावून सांगितले. गोड्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल येत नाही, अडकते. दुसरे भोक पाडले की धार लागते, कारण तेल बाहेर यायला हवा आत जावी लागते. टाकीचेही तसेच आहे. पेट्रोल खाली जाते तेवढी हवा आत यावी म्हणून झाकणाला एक बारीक नळी असते. ती बंद झाली की गाडी थोडी चालते, मग टाकी पेट्रोल सोडत नाही. झाकण उघडले की हवा शिरते आणि पुन्हा थोडी चालते.

"मग नळी कुठंय?" त्यांनी विचारले.

नळी झाकणातून निघून हँडलच्या मधल्या पोकळ दांड्यात खोचलेली होती, वायर सापडली तिथून चार बोटांवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी ती उपसून तोंडात धरली व फुंकली. माझे गाल फुगले, हवा गेली नाही. टोकाला पाहिले तर मातीचे बूच होते, गुळगुळीत, बोटाने घोटून बसवावे तसे.

ताई बादलीवरून उठल्या. "माती कोणी भरली?"

त्या प्रश्नाने मौनीचा चेहरा पांढरा पडला हे मी पाहिले. एका गुन्ह्यावरून तो दुसऱ्यात जातोय की काय, असे त्याला वाटले असावे. मी नळीचा तेवढा तुकडा ब्लेडने उभा चिरला. आत मातीची लहान कोठडी निघाली. कोठडीत एक पिवळसर अळी होती, आणि तिच्याजवळ हिरव्या अळ्या ओळीने रचून ठेवलेल्या, मेलेल्या नाहीत पण हालतही नाहीत. कुंभारीण माशीचे घर. ती अशाच बारीक भोकात अंडे घालते, पिल्लाला पुरेल एवढी शिदोरी कोंडते, आणि तोंड मातीने लिंपून निघून जाते. बेडकी शेडमध्ये उभी राहिली तेवढ्या दिवसांत तिने हे काम उरकले होते.

काही वेळ आम्ही सर्व जण त्या तुकड्यावर वाकून उभे होतो. बाईसाहेबांनी चष्मा काढून जवळून पाहिले. शिपाई म्हणाले की त्यांच्या घरी कुलपात असेच निघाले होते. ताई व मौनी यांची डोकी एकमेकांना लागली व कोणी ते मागे घेतले नाही.

हवालदारांनी विचारले, "बाईसाहेब, मुद्देमालात काय लिहू?"

त्या म्हणाल्या, "माती लिहा."

"आणि अळी?"

"अळी सोडून द्या. तिने कुठे काय केलंय."

मी नळीचे चांगले टोक पुन्हा झाकणाला जोडले, फुंकून हवा जाते याची खात्री केली व बेडकी सुरू केली. ठाण्याचा चहा आला, सर्वांनी घेतला, कप परत गेले, तरी ती चालत होती. कापलेली वायर तशीच लोंबत होती. मी ती मुद्दाम जोडली नाही. नंतर बाईसाहेबांना हँडलवरचे लाल बटण दाबायला सांगितले. त्यांनी दाबले. इंजिन बंद झाले नाही. पुन्हा दाबले. नाही. मग मी चावी फिरवून ते बंद केले आणि लगेच परत सुरू करून दाखवले.

सबब माझे मत असे आहे की, सदरची वायर लाल बटणाने इंजिन बंद करण्यासाठी असते, सुरू करण्याशी तिचा संबंध नाही. ती कापल्याने गाडी थांबवायचे एक साधन जाते. सुरू व्हायची ती होते. गाडी सुरू होऊ नये अशा इराद्याने कोणी ती कापली असल्यास त्याने चुकीची वायर कापली. गाडी चढावर बंद पडली ती कुंभारणीमुळे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.

ताईंनी मला विचारले, "म्हणजे यानं केलं नाही?"

मी म्हणालो, "केलं. पण त्याने झालं नाही."

बाईसाहेब मौनीला म्हणाल्या, "कशाला कापलीस?" उत्तर ताईंनी दिले, तेही भिंतीकडे तोंड करून. "अण्णांनी चालवू नये म्हणून. दुसरं काय असणार. मीच त्याला म्हटलं होतं त्या रात्री, नुसता दारात उभा काय राहतोस, काहीतरी कर." पुढे त्या म्हणाल्या, "पण मला वाटलं, रागाने केलं."

त्यानंतर ताईंनी इस्पितळात फोन लावला. बेडकीचे काय झाले म्हणून अण्णा रोज विचारत होते, सबब त्यांना कळवायचे होते. इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून त्यांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. पुढील बोलणे मी स्वतःच्या कानांनी ऐकले, व जसे ऐकले तसे लिहावे असे बाईसाहेबांनी सांगितले आहे.

ताई म्हणाल्या, "अण्णा, बेडकी सुरू झाली."

अण्णांचा आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता. "ऐकू येतंय. काय निघालं?"

"झाकणाच्या नळीत कुंभारणीने घर केलं होतं."

"हां. उभी होती ना शेडमध्ये. माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं."

इथे मी मध्ये तोंड घातले. घालायला नको होते. मी म्हणालो, "अण्णा, लाल बटणाची एक वायरही कापलेली निघाली, पण तिचा यात काही दोष नाही."

ताईंनी माझ्याकडे पाहिले.

मग अण्णा म्हणाले, "ठाऊक आहे मला. सकाळी शेडमध्ये गेलो तेव्हाच दिसली. आवरण नीट बसवलं नव्हतं त्याने. ते बटण मीच बसवलंय, मला नाही कळणार? त्याने सुरू व्हायची राहत नाही गाडी."

बाईसाहेब पुढे झाल्या. आपण ठाण्यातून बोलत असल्याचे सांगून त्यांनी विचारले, "मग तुम्ही गाडी नेली का नाही?"

अण्णा म्हणाले, "बाई, तो पोरगा तोंडाने सांगत नाही कधी काही. लहानपणापासून नाही. आदल्या दिवशी दारात उभा राहिला, मी त्याला वाटेल ते बोललो. सकाळी बघतो तर ही वायर. त्याला वाटलं असणार आता गाडी चालत नाही. म्हटलं, एवढं लागलंय त्याच्या मनाला, तर राहू दे. चालत गेलो."

मी चावी फिरवून इंजिन बंद केले.

अण्णांनी विचारले, "बंद का पडली?"

मी म्हणालो, "मी केली, अण्णा."

ते म्हणाले, "तो आहे का तिथे?"

वायरीमुळे गाडी बंद पडली काय, असे मला विचारण्यात आले होते. त्याचे उत्तर नाही असे आहे. वायरीमुळे अण्णा चालत गेले काय, हे मला विचारलेले नाही, आणि ते ज्यांना माहीत होते त्यांनी वरप्रमाणे सांगितले आहे. मी इंजिनाखेरीज कशाचा जाणकार नाही.

मौनी पायरीवरून उठला. ताईंनी फोन त्याच्यापुढे धरला, तो त्याने दोन्ही हातांनी घेतला. कानाला लावून तो म्हणाला, "अण्णा, मी येतो."

आज सकाळपासून माझ्यासमोर तो एवढेच बोलला. फोन तसाच कानाला लावून तो फाटकाकडे चालू लागला, बाईसाहेबांनी त्याला अडवले नाही, आणि ताई त्याच्या चपला हातात घेऊन मागून गेल्या.

हवालदारांनी वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तेच त्यात आले आहे, माझ्या चुकीसकट. तो खरा व बरोबर असल्याबद्दल खाली सही करीत आहे.